पडद्यावरचा पोचा

नवीन टीव्ही लावायला गेलेल्या माणसाचं घरात फार कौतुक होतं. चहा, चिवडा, कधी कधी पेढासुद्धा. तोच माणूस आठवड्याने तक्रारीवर गेला की नुसतं पाणी मिळतं. आणि तिसऱ्यांदा गेला की कोणी बस म्हणत नाही. दार उघडतात आणि तसेच पाठ फिरवून आत जातात, आपण आपलं मागून जायचं. घाटकोपरच्या एका शोरूमसाठी मी टीव्ही बसवायचो तेव्हा विक्रोळीपासून मुलुंडपर्यंतची दारं या तिन्ही तऱ्हांनी उघडलेली पाहिली आहेत. मी सांगणार आहे ते मुलुंड पूर्वेचं एक दार, तिसऱ्या तऱ्हेचं.

त्याआधी एचडीचं प्रकरण काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. लोकांना वाटतं, एचडी टीव्ही आणला म्हणजे घरात एचडी आलं. तसं नसतं. टीव्ही एचडी, त्याला जोडलेला बॉक्स एचडी, दोघांमधली वायर एचडीची आणि वर चॅनेलही एचडी, असं चौघांचं एकमत झालं तर ते चित्र दिसतं, जे बघून तुम्ही दुकानात हरखलेले असता. यातला एक जरी जुना राहिला तर सगळं मुसळ केरात. मोरीत मोठा नळ बसवला आणि पाइप मात्र जुनाच बारीक ठेवला, तर धार तेवढीच येणार. आमचे लोक मोठा टीव्ही घेत आणि लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची जुनी वायर जपून ठेवलेली असायची तीच जोडत. मग फोन, "अहो, आमचा जुना डबा ह्याच्यापेक्षा बरा होता." खरंही असायचं ते. तेवढंसं चित्र एवढ्या मोठ्या काचेवर ताणल्यावर फाटणारच.

दुसरी गंमत नंबरांची. एकच चॅनेल दोनदा असतं, एकदा साधं आणि एकदा एचडी, नंबर वेगवेगळे. माणसाच्या बोटाला जुना नंबर पाठ असतो. पैसे एचडीचे भरायचे आणि वर्षभर साधं बघत बसायचं, अशी घरं मी विक्रोळीतही पाहिलीत आणि मुलुंडमध्येही. चित्राचा आकार नीट केला तर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात, त्या तर कोणालाच खपत नाहीत. घाटकोपरच्या एका बाई म्हणाल्या होत्या, "काच पूर्ण घेतलीय ना आम्ही? मग पूर्ण भरा." भरून दिली. सगळे नट-नट्या बसक्या भोपळ्यासारखे झाले, पण बाई खूश होत्या.

तर अशा तक्रारींमध्ये खोट शोधायची एकच रीत असते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी चॅनेल, मग वायर, मग बॉक्स. जे बदलल्यावर खोट गेली, त्याच्यात ती होती. दोन गोष्टी एकदम बदलणारा मेकॅनिक मला आजही कच्चा वाटतो. आणि आमच्या धंद्याचा दुसरा एक नियम होता, तो कोणी लिहून दिलेला नव्हता. लोकांच्या थेट आतल्या खोलीत जाऊन काम करावं लागतं. तिथे भांडणं दिसतात, आजारपण दिसतं, कपाटाच्या मागे काय लपवलंय ते दिसतं. जे दिसेल ते उंबऱ्याच्या आत ठेवून यायचं, तोंडातून काढायचं नाही. हे दोन्ही नियम मी आयुष्यभर पाळले. मुलुंडला मात्र त्यांची आपसातच जुंपली.

ते घर परबांचं. घरात सुनील, त्याची बायको स्मिता, त्यांची शाळेत जाणारी मुलगी आणि सुनीलचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत. मूळचे कोकणातले, तात्यांची सगळी नोकरी गिरणीत गेलेली. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून इकडे आले. सुनील एका बँकेत होता. पहिला मोठा टीव्ही त्याने हौसेने घेतला, तो वडिलांसाठी, असं मला दोनदा सांगितलं. आधीचा डब्यासारखा टीव्ही त्याच्या आईने पसंत केलेला होता. आई जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. तो डबा खाली काढून, चादर घालून, भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

मी भिंतीवर खुणा करत होतो तेव्हा तात्या मागच्या खुर्चीत बसून बघत होते. मान थोडी डावीकडे वळवून बघायची त्यांची सवय होती, म्हणजे कोणी हळू बोलल्यावर आपण कान पुढे करतो तशी. मी दोन भोकं पाडणार तेवढ्यात म्हणाले, "मिस्त्री, डाव्या अंगाला उतरलंय."

मला राग आला. डोळ्यांनी मी पण बघत होतो. तरी लेव्हल लावली. बुडबुडा खरोखरच केसभर सरकलेला.

"फोल्डिंग खात्यात होतो मी," तात्या म्हणाले. "टेबलावरून कापड पळायचं. त्यात एक तार तुटलेली असली तरी मी थांबवायचो. ह्या डोळ्यातून काय सुटत नाय."

"आता तुम्ही अडकलात मोहनभाऊ," सुनील हसत म्हणाला. "घरात पण असंच आहे. भाकरी गोल नसली तर नापास."

त्या दिवशी चहाबरोबर खोबऱ्याची वडी मिळाली. मी खुशीत निघालो.

पंधरा-वीस दिवसांनी तक्रार आली. बातम्यांच्या चॅनेलवर खाली जी पट्टी सरकत असते, ती वाकडी दिसते. मी गेलो. बघतो तर हे लोक साध्या नंबरवरच बातम्या बघत होते. एचडीचा नंबर लावून दिला. स्मिता म्हणाली, "अगंबाई, बातम्या सांगणारीच्या साडीचे काठसुद्धा दिसतायत." सुनील नुसता बघत राहिला. तात्या मात्र पुढे सरकून बसले होते.

"चित्र झकास आहे," ते म्हणाले. "पण पट्टी वाकलीय. मध्ये पोचा आलाय."

"कुठे तात्या?" मी विचारलं.

"हितं. पिंपाला पोचा येतो तसा."

मला पट्टी सरळ दिसत होती. सुनीललाही. पण ज्या माणसाने केसभराचा फरक माझ्या लेव्हलच्या आधी पकडला होता, त्याला मी कुठल्या तोंडाने सांगणार की तुम्हाला भास होतोय? मी वायर बदलली. पोचा तसाच. मी माझ्याकडचा दुसरा बॉक्स लावून बघितला. तसाच. कंपनीच्या माणसाला फोन लावला, तो म्हणाला पॅनेलला पोचा येत नाही, काच फुटते किंवा डाग पडतो, उगाच वेळ घालवू नको. मी टीव्ही बंद करून काचेवरून हात फिरवला. गुळगुळीत होती.

निघताना सुनील खालपर्यंत सोडायला आला. जिन्यात म्हणाला, "सॉरी हां मोहनभाऊ. त्यांना तो जुना डबाच हवाय. आईचा आहे ना. सरळ सांगणार नाहीत, हे असं काढत बसतील. मी काय समजत नाही काय?" त्याचा आवाज बसला होता. मला ते पटलं. असे म्हातारे मी पाहिले होते, नवा टीव्ही म्हणजे मेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा बाहेर काढल्यासारखं वाटणारे. मी शोरूमला सांगितलं की खोट सापडली नाही.

तात्या गप्प बसले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः शोरूमला फोन केला, मॅनेजरला मालवणीतून चार शब्द सुनावले. सुनीललाही मग बापाची बाजू घ्यावी लागली. घरात काही का असेना, बाहेरच्याने तात्यांना खोटं पाडलेलं त्याला चालणार नव्हतं. शोरूमचा नियम असा की ठरावीक मुदतीत खोट सिद्ध झाली तरच सेट बदलून मिळायचा. आणि खोट आहे की नाही हे मी सांगायचं. मुदत संपायच्या दिवशी सकाळी मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, "मोहन, आज काय तो निकाल लाव. खराब असेल तर खराब म्हण, नसेल तर नाही म्हण. पण परत त्या घरातून मला फोन नको." हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

त्या दिवशी दार सुनीलने उघडलं आणि बस न म्हणता आत गेला. सुट्टी घेतली होती त्याने, तेही तोंडावर दिसत होतं. स्मिता ओट्यापाशी उभी होती. तात्या खुर्चीत होते, शर्ट घालून, केस विंचरून, कोर्टात साक्ष द्यायला बसावं तसे.

मी बॉक्स काढला. वायरसुद्धा काढली. खिशातला पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावला. त्यात आमचं एक चित्र असायचं, पांढऱ्यावर काळ्या रेघांच्या चौकटी, गणिताच्या वहीसारख्या, आणि मधोमध एक ठिपका. त्यावरून चित्र ताणलंय का, आकार बरोबर आहे का, ते कळतं. आता मधे बॉक्स नाही, वायर नाही, चॅनेल नाही. उरला नुसता टीव्ही.

"सुनीलभाऊ, कशा आहेत रेघा?"

"सरळ."

"वहिनी?"

"सरळच आहेत दादा."

तात्या खुर्चीवरून उठले, काचेपाशी आले आणि बोट ठेवलं. "हितं. मध्ये. कोणी आतून अंगठा दाबलाय. तुका दिसत नाय?"

"नाही तात्या."

"म्हणजे मी खोटा बोलतंय?" एरवी ते आमच्यासारखंच बोलत, चिडले की मालवणी. "माका शिकवू नको. वाकडी ती वाकडीच."

सुनीलने डोकं धरलं. "तात्या, प्लीज यार. तीन माणसं सांगतायत."

"तीन माणसांक काय कळता? मी कापड बघितलाय."

सुनील फोन घेऊन तरातरा गॅलरीत गेला. मॅनेजरशी बोलायला लागला, आवाज चढत होता. स्मिता गॅसपाशी उगाचच काहीतरी पुसत राहिली. मला पळून जावंसं वाटत होतं. पण डोक्यात ती रीत घोळत होती, एका वेळी एक गोष्ट. चॅनेल बदललं, बॉक्स बदलला, वायर बदलली. बदलायचं काय राहिलं?

"तात्या, बसा," मी म्हणालो. "माझं एक ऐका. आता मधे बघू नका. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात बघा. आता पोचा कुठे आहे?"

ते बसले, मान वळवून बघितलं. "तिथंच. कोपऱ्यात."

"मधला?"

"मधला... " ते थांबले. "मधला गेला."

"आता खाली उजवीकडे बघा."

"खाली आलाय," ते हळूच म्हणाले.

पडद्याची खोट एका जागी बसलेली असते. डाग असो, रेघ असो, जिथे आहे तिथे आहे. तुम्ही कुठे बघता याच्याशी तिला देणंघेणं नाही. ही खोट चालत होती. नजर जाईल तिथे जात होती.

मी टीव्ही बंद केला. खिडकीकडे बोट केलं. परबांच्या खिडकीला सगळ्यांसारखंच लोखंडी ग्रिल, उभ्या-आडव्या सळया, त्यात तुळशीची कुंडी. "तात्या, ग्रिल बघा जरा."

त्यांनी बघितलं. बघत राहिले. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं आवळली गेली. गॅलरीत सुनील म्हणत होता, "माझे वडील खोटं बोलणारे नाहीत, समजलं ना?"

"सरळ आहे ग्रिल," तात्या म्हणाले.

ते खोटं होतं. त्यांनाही कळलं की मला कळलंय.

"उजवा डोळा झाका एकदा," मी आवाज खाली आणून म्हणालो. "डाव्याने बघा."

"डाव्याचं नाव काढू नको." त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, मग माझं मनगट धरलं. तो तळवा अजून आठवतो, घामाने ओला होता. "डावा माझा कधीचा गेलेला आहे मिस्त्री. साचा खात्यात, मागांवर होतो, पोरगाच होतो. मागाचा धोटा उडाला आणि डोळ्यात बसला. त्याने काय दिसत नाय. सुनीलच्या आईला माहीत होतं, आणखी कोणाला नाय. गिरणीच्या डॉक्टरसमोर चार्टवरची अक्षरं पाठ करून उभा राहायचो. फोल्डिंगची सगळी नोकरी एका डोळ्यावर काढली."

एका डोळ्यावर ज्याने केसभराचा फरक पकडला होता, त्याचा आता तोच डोळा चालला होता.

"तात्या, आजच्या आज डॉक्टरकडे जायला पाहिजे."

"जाईन. मी जाईन ना. माझा मी जाईन." मनगट सोडलं नव्हतं. "तू एक कर. टीव्ही खराब आहे म्हण. बदलून येऊ दे. सुनीलला ह्यातलं काय नको. नातीला शाळेतून मी आणतो. रोज. हमरस्ता ओलांडून आणतो. त्याला कळलं की दुसऱ्या दिवशी तो बंद करील ते. मग मी काय करू, दिवसभर हितं बसून? सांग."

सासरे-सून, बाप-लेक यांच्यामध्ये टीव्हीवाल्याने पडायचं नसतं. उंबऱ्याच्या आतलं आत. आणि मागणं तरी काय होतं त्यांचं, दोन शब्द, 'खराब आहे'. सगळेच सुटले असते. सुनीलला नवा सेट, मॅनेजरची कटकट मिटली, तात्यांची लाज राखली गेली आणि मी मोकळा. नवा सेट आल्यावर त्यातही पोचा दिसला असता, मग पुन्हा तक्रार, पुन्हा वायर, पुन्हा बॉक्स. तोवर डोळ्याचं काय झालं असतं ते मला माहीत नव्हतं. मी डॉक्टर नाही. पण माझ्या कामात एक कळतं, खोट वाढत असली तर ती थांबून आपली वाट बघत नाही. आणि ते स्वतः जातो म्हणाले तरी जाणार नाहीत, हे त्यांच्या पकडीवरून मला कळत होतं. ज्याने डोळा जन्मभर लपवला तो एका दुपारीत कसा उघड करेल?

सुनील आत आला, फोन माझ्यापुढे धरला. "घ्या, तुमचे साहेब. तुम्हीच सांगा काय ते. खराब आहे ना?"

स्पीकर चालू होता. मॅनेजर म्हणाला, "हां मोहन, बोल. बदलायचा का?"

तात्या माझ्याकडे बघत होते, मान डावीकडे वळवून. असं कोणी माझ्याकडे बघितलेलं मला आवडत नाही. बायकोने विचारलेल्या प्रश्नाला मी कधी उत्तर दिलं नाही तर ती असं बघायची.

"टीव्ही चांगला आहे साहेब," मी म्हणालो. आणि फोन बंद केला.

"म्हणजे?" सुनील म्हणाला. "म्हणजे तात्या खोटं बोलतायत?"

"नाही. तात्या खरं बोलतायत. त्यांना वाकडं दिसतंय. टीव्हीसुद्धा आणि ते ग्रिलसुद्धा."

सुनील पहिल्यांदा हसला. मला वाटतं त्याला मी मस्करी करतोय असं वाटलं. मग त्याने वडिलांकडे बघितलं आणि हसू तिथेच थांबलं. तात्या उठून उभे राहिले होते. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मालवणीत आईबहिणीवरून माणूस किती लांब जाऊ शकतो ते त्या दिवशी कळलं. शेवटी म्हणाले, "विश्वासान सांगितलंय तुका. चालतो हो घरातसून."

मी हत्यारं गोळा करायला लागलो. स्क्रूड्रायव्हर दोनदा हातातून पडला.

तेवढ्यात स्मिता बाहेर आली. ती सगळा वेळ ऐकत होती की नाही, देव जाणे. ती सासऱ्यांसमोर खाली बसली आणि म्हणाली, "तात्या, परवापासून तुम्ही चहा बशीच्या बाहेर ओतताय. मी पुसून घेत होते. मला वाटलं हात थरथरतो. मी विचारायला पाहिजे होतं." ती पुढे सरकली. "किती बोटं आहेत सांगा." तिने त्यांच्या डाव्या बाजूने हात वर केला.

तात्यांनी मान वळवली, उजवा डोळा पुढे आणायला. तिने दुसऱ्या हाताने त्यांचा उजवा डोळा हलकेच झाकला. तात्या म्हणाले, "काळोख आहे गो."

सुनील भिंतीला टेकला. एवढ्या वर्षांत आपल्या बापाला एकच डोळा आहे हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या तोंडाकडे मला बघवेना. मग एकदम त्याने चपला घातल्या आणि रिक्षा आणायला जिना उतरून पळाला.

रिक्षात बसताना तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं, पण कोणी चल म्हणालं नाही आणि मी कोण लागत होतो? बिल्डिंगखाली स्कूटरपाशी उभा राहिलो. मॅनेजरचे फोन येत होते, घाटकोपरला दुसरं घर वाट बघत होतं. गेलो, त्यांचा टीव्ही लावला, पेढा मिळाला, तो खिशात तसाच राहिला. दिवसभर एकच विचार, मी बरोबर केलं की एका माणसाची जन्माची लपवाछपवी दोन मिनिटांत चव्हाट्यावर आणली? आणि डॉक्टर म्हणाले, काही नाही, म्हातारपण आहे, तर?

संध्याकाळी सुनीलचा फोन आला. त्याचं बोलणं तुटक होतं. डोळ्याच्या मागच्या पडद्यापाशी बारीक नसा फुटून पाणी साठलं होतं. डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागणार, एक नाही, बरीच. गेलंय ते पूर्ण परत येईलच असं नाही. पण राहिलंय ते राखता येईल, उशीर केला नाही तर. "मोहनभाऊ, डॉक्टरांनी पण तसलाच चौकटीचा कागद समोर धरला. अगदी तुमच्यासारखा. तात्या म्हणाले, हा कागद पण वाकडा छापलाय." आणि सुनील हसता हसता रडायला लागला. मी फोन धरून उभा होतो, मला धीर देता येत नव्हता. माझेही डोळे भरले होते.

मुदत संपली आणि टीव्ही त्यांच्याकडेच राहिला.

तात्या माझ्याशी बोलले नाहीत. दसरा गेला, दिवाळी गेली. सुनीलकडून कळायचं. इंजेक्शनं चालू आहेत, पोचा लहान झालाय, पण आहे. नातीला आणायला स्मिता जाते. तात्या गॅलरीत बसून असतात. त्यांनी सांगितलं होतं तेच झालं होतं. डोळा वाचवला म्हणून मला जो अभिमान वाटायचा, त्याच्या शेजारीच ही गोष्ट येऊन बसायची, आणि अजून बसते.

मग सुनील एकदा म्हणाला, "ते तुमचं चौकटीचं चित्र आहे ना, ते देता का? डॉक्टरांचा कागद बारीक आहे, तात्यांना टीव्हीवर बघायचंय." मी पेनड्राइव्हच देऊन टाकला. सुनीलच्या हाती, खालीच. वर गेलो नाही.

पुढच्या सोमवारी सकाळी अनोळखी नंबर.

"मिस्त्री?"

"तात्या?"

"रेघा जागेवर आहेत," एवढं बोलून फोन ठेवला.

त्यानंतर दर सोमवारी. आभार नाहीत, चौकशी नाही. रेघा जागेवर आहेत, खट. कधी जरा मूड असला तर, "मधली एक अजून बसलेली आहे, पण ती जुनीच." माझ्या घरात सगळ्यांना ठाऊक झालं होतं, सोमवारी सकाळी फोन वाजला की मुलगी म्हणायची, "बाबा, रेघा आल्या." पुढे डॉक्टरांनी हो म्हटल्यावर शाळेपर्यंत जाणं पुन्हा सुरू झालं, मात्र आता रस्ता ओलांडताना नात तात्यांचा हात धरायची. हे त्यांनी मला सांगितलं नाही, स्मिताने सांगितलं. वर म्हणाली, "तिला वाटतं ते तिला सांभाळतात. त्यांना पण असंच वाटतं. आम्ही काही बोलत नाही."

आता मी काम सोडलंय. हल्ली टीव्ही लोक ऑनलाइन मागवतात, लावणारा मुलगा येतो, अर्ध्या तासात चार स्क्रू मारून दुसऱ्या घराकडे धावतो. त्याला दोष देत नाही, त्याच्या मोबाइलवर पुढचं घर वाजत असतं. एचडीच्या पुढची मोठी मोठी नावं आली आहेत. पण जुन्या नंबरवर साधं चॅनेल बघणारे अजून आहेत, आमच्याच मजल्यावर दोन घरं आहेत. सोमवारचा फोन मात्र चुकला नव्हता.

परवा तो फोन आला तेव्हा गुरुवार होता. नंबर बघताच मी फोन उचलला.

"तात्या, काय झालं?"

"काय नाय. ग्रिल बघत होतो. आज एक सळई हलली." आवाज नेहमीपेक्षा बारीक होता, पण सरळ होता.

मला त्यांचा तो घामाने ओला तळवा आठवला. आता पुन्हा लपवतील, या धास्तीने मी घाईघाईने म्हणालो, "मी निघतो. येतोच आत्ता. तात्या, ऐका, सुनीलभाऊला..."

"तू येऊन काय करतलंस?" त्यांनी मला तोडलं. "टीव्ही चांगला आहे. सुनील खाली रिक्षा आणायला गेलाय. त्याला आधी सांगितलं, मग तुला फोन केला."